आरोपीने काढून दिलेला मुद्देमाल

जे पुढे लिहितो आहे ते मी आजपर्यंत कोणालाही सांगितलेलं नाही. घरात नाही, खात्यात नाही, स्वेच्छानिवृत्तीच्या निरोप समारंभात तर नाहीच. निवृत्त अधिकारी आठवणी लिहायला बसला की त्याला एखादी घटना आजही आठवते. माझं उलट आहे. ही घटना विसरायचा मी बराच प्रयत्न केला, आणि विसरण्यासारख्या इतर पुष्कळ गोष्टी विसरून गेलो. ही राहिली. एका गुन्ह्यात मी मुद्देमाल जप्त केला, 'आरोपीने स्वतः काढून दिला' असं लिहिलं, आणि ते ज्या अर्थाने न्यायालयात वाचलं जातं त्या अर्थाने ते खोटं होतं.

मी तेव्हा धुळे जिल्ह्यात एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. हद्दीत महामार्गालगतची औद्योगिक वसाहत येत होती. तिथे एका परदेशी कंपनीने सौर पंपांचे प्लॅस्टिकचे भाग बनवायचा कारखाना टाकला होता. भूमिपूजनाला मीच बंदोबस्ताला होतो. भाषणांत सवलतींची यादी वाचून दाखवली गेली: जमीन सवलतीच्या दरात, मुद्रांक शुल्क माफ, विजेवरचं शुल्क माफ, करातला परतावा, शिवाय यंत्रांच्या किमतीच्या प्रमाणात भांडवली अनुदान. बदल्यात कंपनीने ठरल्या मुदतीत उत्पादन सुरू करायचं आणि बहुतेक नोकऱ्या स्थानिकांना द्यायच्या. ऐकायला सगळं रास्त होतं. आमच्याकडची पोरं आयटीआय करून पुण्या-सुरतेला जातात, ती घराजवळ राहतील असं मलाही वाटलं.

काही काळाने सरकारने ठरवलं की ज्यांनी सवलती घेतल्या त्यांनी शब्द पाळला का, ते पाहायचं. त्यासाठी मुंबईहून एक समिती कारखान्यांना भेटी देणार होती. दौऱ्याची तारीख महिनाभर आधी सगळ्यांना कळली. पोलीस ठाण्याची वार्षिक तपासणी मी आयुष्यभर पाहिली आहे. साहेब येणार म्हटलं की कुंड्यांना गेरू लागतो, मुद्देमाल खोलीतली धूळ झटकली जाते, एरवी साध्या कपड्यांत फिरणारा शिपाई कडक इस्त्रीत उभा राहतो. आगाऊ कळवलेल्या तपासणीत नेमकं काय तपासलं जातं ते मला ठाऊक होतं. त्यामुळे वसाहतीत रंगरंगोटी सुरू झाली याचं मला नवल वाटलं नाही.

समिती यायच्या आठवड्यात कंपनीचा व्यवस्थापक ठाण्यात आला. चाळिशीचा, बाहेरच्या राज्यातला, बोलायला नम्र. फिर्याद अशी, की कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांची कंट्रोल कार्डं कोणीतरी काढून नेली. कंट्रोल कार्ड म्हणजे यंत्राला हुकूम देणारी हिरवी पट्टी. ती नसली की यंत्र म्हणजे लोखंडाचा ठोकळा. संशय कोणावर, विचारल्यावर त्याने एका फिटरचं नाव दिलं. शिंदखेडा तालुक्यातला, तिशीच्या आतला. याच्याच बापाची जमीन वसाहतीत गेली होती. त्याला नुकतंच कामावरून काढलं होतं आणि जाताना त्याने 'बघून घेतो' अशी धमकी दिली होती, असं व्यवस्थापकाचं म्हणणं.

मी हवालदार नानांना घेऊन जागेवर गेलो. नाना माझ्यापेक्षा वयाने मोठे, निवृत्तीला आलेले, आणि शब्द तोलून न बोलणारे. फाटकातून आत शिरल्या शिरल्या त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, आठे मशीनपेक्षा कुंड्या जास्त शेतस." इथे यंत्रांपेक्षा कुंड्याच जास्त, असं.

शेडमध्ये यंत्रं ओळीने उभी होती. हिरवा रंग चकचकीत. पॅनेलची दारं उघडी, आतली कार्डं गायब. कुलूप तुटलेलं नव्हतं, कडी वाकलेली नव्हती. पंचनामा लिहिताना मी एका यंत्राच्या पायथ्याशी उकिडवा बसलो. बोल्टच्या फटीत, नव्या रंगाखाली, काहीतरी तांबूस दिसलं. नखाने खरवडलं तर रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली कुंकू. तेलात भिजून घट्ट झालेलं, एकावर एक थर असलेलं. एका फटीत अक्षतेचा अर्धा दाणासुद्धा होता.

पोलिसाला हे चटकन ओळखू येतं. दसऱ्याला आम्ही शस्त्रपूजा करतो. रायफलींना हळदकुंकू लावायला सगळे पुढे असतात, मग महिनाभर ते फटींतून काढताना शिपायांचे हाल होतात आणि शस्त्रागाराचा अंमलदार शिव्या घालतो. एका दसऱ्याचं कुंकू कसं दिसतं आणि अनेक दसऱ्यांचं कसं, ते मला कळत होतं. या कारखान्यात अजून एकही दसरा झाला नव्हता. आणि व्यवस्थापकाने फिर्यादीत लिहून दिलं होतं की यंत्रं नवीन असून परदेशातून आयात केली आहेत.

मी नानांकडे पाहिलं. नानांनीही पाहिलं होतं. ते म्हणाले, "लिहायचं का?"

मी म्हणालो, "आपला गुन्हा कार्डांचा आहे."

पंचनाम्यात कुंकू आलं नाही.

फिटर सापडायला वेळ लागला नाही, तो घरीच होता. त्याला आणलं तेव्हा मागून बापही आला. सगळे त्यांना आबा म्हणत. ते ठाण्याच्या व्हरांड्यात बाकाच्या अगदी कडेला बसले, पूर्ण बाकावर बसण्याची जणू परवानगी नव्हती.

चौकशीत मी त्याला हात लावला नाही. तशी वेळच आली नाही. त्याला जे विचारलं ते त्याने सांगितलं आणि जे विचारलं नाही तेही सांगितलं.

"कार्डं कुठे ठेवलीस?"

"साहेब, मी काढलीच नाहीत."

"यंत्रं बंद पाडायची होती तुला. धमकी दिलीस ना?"

इतका वेळ तो माझ्याशी शाळेतल्यासारखं मराठी बोलत होता. आता त्याला हसू आलं आणि घरची बोली तोंडात आली. "साहेब, जी मशीन एक रोज बी चालनी नही, ती मी बंद कसाले पाडसू?"

मग त्याने सांगितलं. तो रुजू झाल्यापासून एकाही यंत्रातून एकही भाग निघालेला नव्हता. त्याला फिटर म्हणून घेतलं आणि फरशी पुसायला लावलं. समितीची तारीख आल्यावर व्यवस्थापकाने सगळ्यांना गणवेश वाटले आणि तालीम घेतली: जनरेटर सुरू होईल, यंत्रांवरचे दिवे लागतील, प्रत्येकाने आपापल्या यंत्राजवळ उभं राहून बटणाशी हात ठेवायचा. बाहेरून आणलेल्या भागांनी भरलेले क्रेट शेवटी मांडून ठेवायचे.

"मग?"

"मी म्हटलं, मी आयटीआय केलंय, तमाशातला नाच्या नाही. समितीचे साहेब आले की त्यांनाच विचारतो, मशीन कधी सुरू होणार म्हणून. त्याच दिवशी काढलं मला."

ही त्याची धमकी. नाना दारात उभे होते. ते म्हणाले, "भाऊ, एवढं तोंड असताना तू फिटर कसा झालास? वकील व्हायचं ना." फिटर पुन्हा हसला. ठाण्यात आणलेला माणूस दोनदा हसला की अनुभवी पोलीस समजतो, हा एक तर पक्का गुन्हेगार आहे किंवा गुन्हेगारच नाही. हा पक्का नव्हता.

तरी त्याला अटक झालीच. फिर्यादीत नाव होतं, कारण दिसत होतं, आणि वरून विचारणा सुरू झाली होती. न्यायालयाने पोलीस कोठडी दिली.

खबर आली ती अगदी साध्या वाटेने. चाळीसगाव रस्त्यावर एका ढाबेवाल्याशी नानांची जुनी ओळख. नाना तिथे शेवभाजी खायला थांबले असता ढाबेवाल्याने कुरबूर केली. कंपनीने शेजारचं गोदाम भाड्याने घेतलं होतं. "नाना, तो कंपनीवाला भरदुपारले येस, खोकं उतारस, मन्हा ढाबासमोर गाडी आडवी लावस. च्या बी पेत नही. असा बिनच्याना माणूस मी देखा नही." नानांनी भाजी अर्धी टाकली आणि मला फोन केला. खोकी ज्या दिवशी आली तो फिर्यादीचा आदला दिवस होता.

गोदामाच्या रखवालदाराने लगेच सांगितलं, खोकी व्यवस्थापकाने स्वतः आणून ठेवली. आता ती कार्डं त्याच यंत्रांची आहेत हे ओळखणारा माणूस हवा होता. कंपनीचा माणूस बोलावण्यात अर्थ नव्हता. उरला फिटर. मी त्याला कोठडीतून काढून गाडीत घातलं. दोन पंच घेतले, ठाण्यासमोरचा चहावाला आणि पंक्चरवाला. आमचे नेहमीचे. इथपर्यंत माझ्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. पुढचं कळावं म्हणून सांगतो.

गोदामात कापसाच्या रिकाम्या पोत्यांमागे खोकी होती. मी म्हणालो, "बघ रे, यातलं काही ओळखतोस का?" तो पुढे धावलाच. पोती बाजूला केली, खोकं उघडलं, एक कार्ड दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरलं आणि लहान मुलासारखा ओरडला, "ह्याच शेतस साहेब! बठ्ठा कार्ड आठेच शेतस!" सगळी एक एक काढून त्याने माझ्यासमोर रचली. कोणतं कोणत्या यंत्राचं तेही सांगितलं. त्याला वाटलं, आपण सुटलो. पंचांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं.

ठाण्यात परतलो तर व्यवस्थापक माझ्या केबिनमध्ये बसलेला. कार्डं मिळाल्याचं त्याला आधीच कळलं होतं. घाबरलेला अजिबात नव्हता. म्हणाला, "साहब, गोदाम की एक चाबी उसके पास भी थी। आप रजिस्टर देख लीजिए।" मी विचारलं, "मग खोकी तुम्ही का आणून ठेवलीत?" तो म्हणाला, ती दुसरी खोकी, त्यात भांडी होती. मग थोडं थांबून म्हणाला, "आप चोर पकड़ने बैठे हैं। प्रोजेक्ट की जाँच तो कमिटी करेगी न?"

त्याच संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. त्यांनी दबाव आणला असं मी लिहिलं तर ते त्यांच्यावर अन्याय होईल. ते एवढंच म्हणाले, "समिती यायच्या आत गुन्हा उघडकीस येईल ना? बाहेरच्या गुंतवणूकदाराला आपल्या जिल्ह्यात असा अनुभव बरा नाही." मी म्हणालो, "उघडकीस आलाय सर." ते म्हणाले, "छान."

पुढचं मला कोणी शिकवलं नाही. कोठडीतल्या आरोपीने आपणहून निवेदन केलं, 'मी वस्तू लपवली आहे, चला दाखवतो', आणि मग पंचांसमोर ती काढून दिली, तर तो पुरावा न्यायालयात भक्कम धरला जातो. मी आधी जप्ती केली होती. निवेदन नंतर लिहिलं आणि वेळ आधीची टाकली. बाकी सगळं खरं होतं. पोती त्याने बाजूला केली, खोकं त्याने उघडलं, कार्डं त्याने काढून दिली. पंचांनी जप्तीचा पंचनामा वाचला आणि मान डोलावली. त्यांनी पाहिलं तेच लिहिलं होतं. रखवालदाराचा जबाब मी घेतला नाही. फिटरने सही करताना वाचायला मागितलं नाही. म्हणाला, "तुम्ही लिहिलं म्हणजे बरोबरच असणार." नाना तेवढ्या वेळापुरते बाहेर गेले आणि त्यांनी पुढे या विषयावर माझ्याशी कधी तोंड उघडलं नाही.

व्हरांड्यातले आबा उठून माझ्यापाशी आले. "साहेब, कार्ड भेटनात म्हने. आते पोऱ्या सुटी ना?"

मी म्हणालो, "कोर्ट बघेल."

समिती आली तेव्हा मी बंदोबस्ताला होतो. फिटर तोवर न्यायालयीन कोठडीत गेला होता. फाटकावर कमान, शाली, श्रीफळं. शेडमध्ये यंत्रं ओळीने, पॅनेलची दारं आता मुद्दाम उघडी. व्यवस्थापकाने दुःखी चेहऱ्याने सांगितलं, की उत्पादन सुरू होणार एवढ्यात घातपात झाला. समितीच्या अध्यक्षांनी माझ्याकडे वळून विचारलं, "कार्डं मिळाली ना?"

"हो सर. आरोपीने काढून दिली."

"मग यंत्रं सुरू करा की."

व्यवस्थापक म्हणाला, कार्डं मुद्देमाल म्हणून न्यायालयाच्या ताब्यात आहेत, ती सुटल्याशिवाय कसं करणार? सगळ्यांना ते पटलं. मी जप्त केलेली कार्डं त्याच्या हातात सर्वांत बळकट सबब होऊन बसली होती. ते माझ्या तिथे उभ्या-उभ्या लक्षात आलं.

समितीत हिशेब तपासणाऱ्या एक बाई होत्या. बाकीचे चहाला गेले, त्या मागे राहिल्या. एका यंत्राभोवती फिरल्या, वाकल्या, रंगावरून बोट फिरवलं. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, अनुदान या यंत्रांच्या किमतीवर मोजलं जातं. मला कागदावर सगळं नीट दिसतंय. तुम्ही पंचनाम्याच्या वेळी ही जवळून पाहिली असतील. नवी वाटली तुम्हाला?"

तो प्रश्न बरोबर होता, आणि ज्याला विचारला तोही माणूस बरोबर होता. त्या यंत्रापासून मी हातभर अंतरावर होतो.

मी म्हणालो, "मॅडम, आम्हा पोलिसांना यंत्रातलं काय कळतं?"

त्यांनी मान हलवली आणि चहाला गेल्या. कंपनीला मुदतवाढ मिळाली. सवलती चालू राहिल्या. मला प्रशस्तिपत्र मिळालं.

ज्याची वस्तू खरोखर चोरीला जाते तो ती परत मिळवायला ठाण्याच्या पायऱ्या झिजवतो. सायकल गेलेला शाळामास्तर मला दर आठवड्याला भेटायचा. या कंपनीने आपली कार्डं परत मिळावीत म्हणून न्यायालयात अर्जच केला नाही. मुदतवाढ संपत आली तशी कंपनीने यंत्रं गाड्यांत भरली, 'देखभालीसाठी' म्हणून नेली, आणि ती परत आली नाहीत. जमीन अजून कुंपणासह तिथेच आहे.

फिटरला जामीन मिळाला, खटला मात्र रेंगाळला. मी त्या ठाण्यात असतानाच वसाहतीत दुसरा कारखाना आला. तोही बाहेरचा, सवलती घेऊनच आलेला, पण खरा. तिथे रोज माल निघत होता आणि पाळीचा भोंगा ठाण्यापर्यंत ऐकू यायचा. त्यांना फिटर हवे होते, स्थानिकच हवे होते. एक दिवस तोच फिटर चारित्र्य पडताळणीसाठी माझ्यासमोर उभा राहिला. त्यांनी त्याची परीक्षा घेतली होती, काम पसंत पडलं होतं. एवढा एक कागद बाकी होता.

मी पेन हातात घेऊन बसलो. तो म्हणाला, "साहेब, जे शे ते लिखा." टोमणा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की जे आहे ते त्याच्या बाजूचं आहे.

मी 'गुन्हा न्यायप्रविष्ट' असं लिहिलं. त्या दिवशी नियमाप्रमाणे दुसरं काही लिहिता येत नव्हतं. त्याला ती नोकरी मिळाली नाही, नंतरच्याही कुठल्या कारखान्यात मिळाली नाही. फाटकावरच तो कागद मागतात. अलीकडे समजलं, तो रावेरकडे केळी भरणाऱ्या टोळीबरोबर जातो.

बाहेरच्या उद्योगांना सवलती द्याव्यात की नाही यावर शहाणी माणसं वाद घालतात. त्यातलं मला एका हद्दीपुरतं कळलं. सवलती घेऊन आलेला दुसरा कारखाना माझ्याच हद्दीत चालत होता आणि त्यावर घरं चालत होती, म्हणून सवलत म्हणजे लूट असं मी म्हणणार नाही. पण पाहणी करायची तर न कळवता करावी, आणि व्यवस्थापकाच्या आधी झाडू मारणाऱ्याला विचारावं. आमच्या खात्यात झडतीची आगाऊ नोटीस कोणी देत नाही. आणि हे सगळं करूनही, ज्याने जवळून पाहिलं असा एखादा सरकारी माणूस 'आम्हाला काय कळतं' म्हणाला, तर समिती काही करू शकत नाही. त्या बाई आपलं काम चोख करत होत्या. मी केलं नाही.

मी असं का केलं याचं मोठं कारण माझ्याकडे नाही. कोणी पैसे दिले नाहीत, कोणी धमकावलं नाही. मला जळगावला बदली हवी होती, आणि गुन्हा उघडकीस आला असं फोनवर सांगताना बरं वाटलं. त्या बरं वाटण्यासाठी मी एका माणसाला आत ठेवलं.

आता खटला साक्षीपर्यंत आला आहे. तपासी अधिकारी म्हणून मला समन्स मिळालं. सरकारी वकिलांनी फोन केला, "साहेब, निवेदन आणि पंचनामा एकदा वाचून या. तेवढंच बोला, बाकी मी बघतो." मी 'हो' म्हणालो आणि फोन ठेवला. तेवढंच बोललो तर त्या फिटरला शिक्षा होऊ शकते. सगळं बोललो तर खोटा पुरावा तयार केल्याबद्दल माझ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. ते कलम मला पाठ आहे, मी ते इतरांना लावलं आहे. मी सगळं बोलायचं ठरवलं आहे. पण ठरवणं हे काही बोलणं नव्हे, आणि न्यायालयाची पायरी मी अजून चढलेलो नाही.

त्या फिटरला मी एक खरी साक्ष देणं लागतो. त्याच्या बापाला, व्हरांड्यात त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देणं लागतो. आज हे लिहीपर्यंत मी दोन्ही दिलेली नाहीत.